पडक्या देवळात धुणं

नोकरी गेली त्या दुपारी मी तीन याद्या केल्या. पहिली कागदपत्रांची. दुसरी, ही बातमी कोणाला सांगायची त्यांची. तिसरी, कोणाला सांगायची नाही त्यांची. तिसरी सगळ्यात लांब झाली, आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर आमचं मराठी मंडळ होतं.

मंडळाला एखादी गोष्ट सांगायची नसेल तर नुसतं गप्प बसून भागत नाही, त्याऐवजी दुसरं काहीतरी सांगावं लागतं. अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावात आमच्या रस्त्यावर मराठी घरं पाच. मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझी गाडी दारात उभी दिसली की पाच घरांना प्रश्न पडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची सहा उत्तरं तयार होतात. म्हणून मीच सातवं देऊन टाकलं: मी आता म्युझियममध्ये गाइड आहे. खरं तर मी गाइडच्या प्रशिक्षणासाठी नुसता अर्ज भरला होता. पण एकवीस वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काढली की काम पूर्ण व्हायच्या आत त्याच्यासमोर हिरवा ठिपका लावायची सवय लागते.

मंडळाच्या सेक्रेटरींनी त्या हिरव्या ठिपक्यावर लगेच कार्यक्रम उभा केला. मे महिन्यातला एक शनिवार, म्युझियमची सहल, ‘आपल्याच ताई माहिती देणार’, नंतर बाजूच्या पार्कात पॉटलक. दोन दिवसांत चौतीस नावं आली. पुलाव कोण आणणार यावरून दोघींचं वाजूनही झालं. मला मात्र गाइडचा बिल्ला अजून मिळायचा होता.

प्रशिक्षण बारा गुरुवारांचं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. आवाज इतका मऊ, की त्यांनी आपल्याला नापास केलंय हे गाडीत बसेपर्यंत कळू नये. त्यांनी प्रत्येकाला एकेक दालन नेमून दिलं. कोणाला चिलखतं मिळाली, कोणाला चिनी भांडी. मला मिळाला स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ. त्या बोळात आठ चित्रं होती, उघड्या वहीएवढी, काळी-करडी. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर पोलादी टोकाने रेघा कोरून, त्या रेघांत शाई भरून कागदावर छापलेली. आठांचा विषय एकच: पडझड. प्राचीन रोमन देवळांचे उरलेले तीन खांब, अर्धी कमान, छतातून उगवलेलं झाड, मागे डोंगर, वर फुगलेले ढग.

वाचत गेले तसतशी मला या चित्रांची गंमत कळू लागली. त्या काळचे सरदार, जमीनदार आपल्या धडधाकट महालात ही पडकी देवळं भिंतीवर टांगायचे आणि जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर उभं राहून, सगळं कसं नाशवंत आहे म्हणून हळहळायचे. नाशवंत म्हणजे अर्थात रोमनांचं. पुढे तर हौस एवढी वाढली, की काहींनी आपल्या बागेत मुद्दाम नवी कोरी पडकी देवळं बांधून घेतली. गवंड्याला काय सूचना दिल्या असतील याची मी फार वेळ कल्पना करत बसले. डावा कोपरा जरा अजून ढासळू दे, पाहुणे रविवारी येतायत. आमच्याकडे एवढा खर्च करावा लागत नाही. आमच्या ऑफिसची इमारत फेब्रुवारीत रिकामी झाली, एप्रिलमध्ये पार्किंगच्या फटींतून गवत आलं आणि तळ्यावरची बदकं स्वागतकक्षाच्या दारात बसायला लागली. पण तिथे तांब्याचा पत्रा घेऊन कोणी चित्र काढायला आलं नाही.

मी ग्रंथालयातून सहा पुस्तकं आणली आणि तक्ता केला. बावीस ओळी. डावीकडे चित्रातली वस्तू, उजवीकडे तिचा अर्थ. तुटलेला खांब म्हणजे सत्तेचा शेवट. भिंत फोडून आलेलं झाड म्हणजे निसर्गाने परत घेतलेला ताबा. मावळतीचा उजेड म्हणजे उतरलेलं वैभव. मोडक्या देवळात नव्या, ख्रिस्ती धर्माचं बाळ जन्माला आलेलं दाखवलं असेल, तर जुने देव संपले. काठीने खांबाकडे बोट दाखवणारा टोपीवाला म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा बघ्या, त्याने आपल्याला बघायला शिकवायचं. पायथ्याशी शेळ्या, गुराखी, धुणं धुणाऱ्या बाया असतात, त्यांच्यासमोर मी लिहिलं होतं: सामान्य माणसं, भूतकाळाबद्दल बेफिकीर, इमारतीचा आकार कळावा म्हणून. हा तक्ता मी दहावीच्या इतिहासासारखा पाठ केला. आमच्या पिढीला दुसरी पद्धत येत नाही. प्रश्न काहीही असो, उत्तर तयार पाहिजे.

बाबा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षी मार्चमध्ये नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. छत्तीस वर्षं त्यांनी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे शाईने काढले, तेही अशा कापडावर की एक रेघ चुकली तर दिवस गेला. मी डायनिंग टेबलावर त्यांना अख्खा तक्ता वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

“सगळं नाशवंत आहे, एवढंच ना?” त्यांनी विचारलं.

थोडक्यात तेच, म्हटलं.

“आपल्याकडे हे पहिल्याच धड्यात सांगतात. त्याच्यासाठी एवढी देवळं पाडावी नाही लागली.”

आम्ही बौद्ध. बाबांचे वडील दीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांतले. हे मी इथे सरळ लिहिते आहे, पण श्रूजबरीत वीस वर्षांत असं सरळ कधी बोलले नव्हते. मंडळात कोणी मला वाईट बोललंय असंही नाही. मी तशी वेळच येऊ दिली नाही, तेवढं नियोजन मला जमतं. मूळचे कुठले विचारलं की नागपूर म्हणायचं आणि चटकन संत्र्यांवर यायचं. आडनाव सोयीचं आहे, गावावरून पडलेलं. गणपतीत मी दर वर्षी पार्किंगची जबाबदारी घेते. आरती चालू असताना बाहेर हिरवं जॅकेट घालून उभं राहणारी बाई किती कामाची, असं सगळे म्हणतात.

प्रशिक्षणाच्या शेवटी चाचणी होती. प्रत्येकाने आपल्या दालनात वीस मिनिटं खऱ्या लोकांना फिरवायचं आणि लोक आपले आपण आणायचे. मुलीने “आई, आय हॅव प्रॅक्टिस” एवढंच सांगून दार लावून घेतलं. नवरा आला, एका कानात ऑफिसची मीटिंग ठेवून. दोन सहकारी प्रशिक्षणार्थी उभे राहिले. आणि बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात त्यांचं भिंग.

शिकवणाऱ्या बाईंचा नियम सोपा होता. माहिती सांगत सुटायचं नाही. चित्रासमोर उभं करून विचारायचं, इथे काय चाललंय? मग मनात दहा आकडे मोजत थांबायचं. मी विचारलं. तीनपर्यंत मोजलं. नवरा कानातल्या मीटिंगला हो म्हणाला. मी तक्ता सुरू केला.

आठव्या ओळीपर्यंत सगळं वेळेत चाललं होतं. बाबा मात्र तिसऱ्या चित्राशीच थांबले होते, भिंग लावून, नाक काचेला टेकेल इतके जवळ. पहारेकरी दोनदा खाकरला.

“हे सगळेच्या सगळे डावखुरे कसे?” बाबा म्हणाले.

ते तक्त्यात नव्हतं. बाईंनी विचारलं, ते काय म्हणतायत? मी सांगितलं. बाई एकदम पुढे आल्या. म्हणाल्या, वीस वर्षांत हे कोणी आपणहून ओळखलं नव्हतं. पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं, म्हणून गुराख्याची काठी डाव्या हातात, टोपीवाल्याची तलवार चुकीच्या बाजूला. बाबांना आनंद झाला. आमच्या काळी निळ्या नकाशाचा कागद उलटा घातला की असंच व्हायचं, हे त्यांनी मला सांगितलं, मी ते भरभर इंग्रजीत केलं. एवढ्यात घड्याळातली पावणेतीन मिनिटं गेली होती आणि चौदा ओळी बाकी होत्या.

बाबांनी भिंग खाली सरकवलं. त्या चित्रात देवळाच्या गाभाऱ्याच्या जागी छप्पर नव्हतं, पाणी साचलं होतं, आणि तीन बाया त्यात धुणं धूत होत्या. दोन खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घातले होते.

“आणि या बाया आत कशा आल्या?” बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, बाबा, प्रश्न शेवटी घेऊ. बाईंनी पुन्हा विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, किती वेळ राहिला ते विचारतायत.

बाबांना इंग्रजी बोलायला आवडत नाही. कळतं मात्र पूर्ण. छत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजीतली तपशीलपत्रं वाचून धरणं काढली आहेत. त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि उरलेली बारा मिनिटं ते शहाण्या पाहुण्यासारखे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी बावीसच्या बावीस ओळी संपवल्या. वीस सेकंद आधीच.

निकाल बाईंनी बाकावर बसवून सांगितला. माझी तयारी त्यांनी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात पक्की होती. इतकी पक्की तयारी असलेल्या माणसाने शरद ऋतूत पुन्हा प्रयत्न करावा, असं त्यांना वाटत होतं. मी विचारलं, नेमकं काय राहिलं? मला मुद्दे हवे होते.

“तुमच्याकडे एक माणूस चित्र बघत होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घड्याळ बघत होतात.”

हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी आभार मानले.

परतीच्या रस्त्यावर नवऱ्याने मीटिंग संपवून विचारलं, झालं का पास? मग मीच मागच्या सीटकडे न बघता म्हटलं, बाबा, वेळ फार कमी होता हो.

“मी वेळ नव्हता विचारला,” बाबा म्हणाले.

घरापर्यंतच्या रस्त्यात माझ्या डोक्यात नवी यादी तयार झाली होती. मंडळाला काय सांगायचं, याची. म्युझियममध्ये काही तांत्रिक अडचण. बाबांची तब्येत. पाऊस. पाऊस मे महिन्यात सांगता येतो. बाबांच्या तब्येतीपर्यंत आले आणि लाज वाटली. त्यांना काही झालं नव्हतं, झालं होतं ते मी केलं होतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी विचारलं, आज मोकळी आहेस? मी तीन महिने मोकळीच होते. आम्ही दोघंच गेलो. तक्ता मी मुद्दाम घरी ठेवला, म्हणजे फोनमध्ये होता, पण फोन पर्समध्ये होता. बोळात कोणी नव्हतं. ते त्याच चित्रासमोर थांबले. मी म्हटलं, सांगा ना, त्या दिवशी काय म्हणायचं होतं.

त्यांनी सांगायला घाई केली नाही. आधी मला खांबांवरच्या रेघा दाखवल्या, एकही खोडलेली नाही, हा माणूस फार पक्क्या हाताचा होता म्हणाले. मग म्हणाले, त्यांच्या गावाला देवळाशेजारून ओढा जायचा. वरच्या अंगाला गावाचे घाट. त्यांची आई धुणं घेऊन देवळाला मोठा वळसा घालून पार खालच्या अंगाला जायची, सगळ्या गावाचं पाणी वापरून झाल्यावर जिथे पोचायचं तिथे. देवळाची पायरी तिने लांबूनच बघितली.

“आणि इथे पाह्य,” बाबा म्हणाले. “या बाया गाभाऱ्यात धुणं धूऊन राहिल्या. देऊळ उभं असतं तर यांना पायरीवर तरी येऊ दिलं असतं का? पडलं म्हणून आत आल्या. तुझ्या पुस्तकांतले लोक रडून राहिले. मला तर हे चित्र मोठं आनंदाचं दिसून राहिलं.”

सहा पुस्तकांत मी हे वाचलं नव्हतं. त्या बायांना मी ‘बेफिकीर’ लिहिलं होतं, इमारतीचा आकार कळावा म्हणून ठेवलेल्या. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा सुचलं ते हेच, की हे मंडळासमोर बोलायचं नाही. आणि लगेच दुसरं सुचलं, की बाबांना माझ्या मनातलं हे पहिलं कळलेलं आहे. ते भिंग पुसत होते.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. पाऊस नाही, तब्येत नाही. लिहिलं, की मी गाइडच्या चाचणीत नापास झाले, बिल्ला मिळालेला नाही, मी गाइड आहे असं आधीच सांगितलं ते चूक होतं, आणि फेब्रुवारीत माझी नोकरीही गेली आहे. शनिवारी म्युझियमच्या बाई माहिती देतील, त्यांना मी विचारलंय. संदेश पाठवून मी फोन उलटा ठेवला आणि वाट बघितली. वीस वर्षांची इभ्रत पणाला लावल्यावर माणसाची थोडी तरी अपेक्षा असते. पहिलं उत्तर चार मिनिटांनी आलं: मग पॉटलक आहे ना? दुसरं: पुलाव मीच आणतेय हं, कन्फर्म. मग अंगठे, एकवीस. मग सेक्रेटरींनी तीन ओळींत सहानुभूती आणि शेवटी, ताई, पार्किंगचं तुम्हीच बघाल ना?

शनिवारी चौतीसांपैकी एकतीस आले. बोळात एवढी माणसं मावत नव्हती, स्वच्छतागृहाकडे निघालेले इतर पाहुणे अंग चोरून जात होते. बाईंनी नेमकं तिसरंच चित्र निवडलं. इथे काय चाललंय? दहा आकडे मोजायची वेळच आली नाही, आमच्या लोकांना गप्प बसणं माहीत नाही. एक जण म्हणाला, असोसिएशनने मेंटेनन्स भरला नाही वाटतं. दुसरा म्हणाला, लोकेशन बघ यार, डोंगराचा व्ह्यू, एवढ्यावर आपला टाउनहाऊस कुठे. एका काकूंनी मुलांना सांगितलं, देवाची निगा राखली नाही की असं होतं. मुलं फोनवर होती. सगळे हसले, बाईही हसल्या, कारण आठवडाभर न बोलणारे पाहुणे बघून त्या कंटाळल्या असणार.

मग त्यांना मागे उभे असलेले बाबा दिसले. त्यांनी विचारलं, मागच्या वेळी यांचा एक प्रश्न राहिला होता, बरोबर? म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी लोकांना बाजूला व्हायला सांगितलं आणि बाबांना पुढे बोलावलं. मला म्हणाल्या, तुम्ही मुलांसाठी इंग्रजीत सांगाल?

बाबांनी भिंग काढलं नाही. त्यांनी हात मागे बांधले आणि मराठीत, प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात, मला सांगितलं होतं ते थोडक्यात सांगितलं. आईचं नाही सांगितलं. आम्ही कोण, तेवढं सांगितलं, एका वाक्यात. मग बायांकडे बोट करून म्हणाले, हे देऊळ उभं होतं तेव्हा यांना आत घेतलं नसतं, हे पडलं म्हणून या आत आहेत. आणि माझ्यासाठी थांबले.

पुलाववाल्या काकूंनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. सेक्रेटरी छताकडे बघत होते, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मुलांनी मात्र फोन खाली केले होते, मोठी माणसं एकदम का गप्प झाली हे त्यांना कळत नव्हतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मोठ्यांना सगळं कळलेलं होतंच. इंग्रजीची गरज फक्त मुलांना आणि बाईंना होती.

मी सांगितलं. आम्ही कोण, तेही सांगितलं. शेवटच्या वाक्याला आले आणि इंग्रजीत म्हटलं, देऊळ उभं होतं तेव्हा कदाचित या बायांना आत घेतलं नसतं. तो ‘कदाचित’ मी ठरवून घातला नाही. वीस वर्षं गाड्या लावून झाल्यावर तो आपोआप येतो.

बाबांनी मान वळवली नाही. चित्राकडेच बघत म्हणाले, “‘परहॅप्स’ मी म्हटलं नव्हतं.”

बाई वाट बघत उभ्या होत्या. मी मुलांकडे वळले आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तो एक शब्द काढून.